तंबाखू जिथे ठेवतो, डाग तिथेच उठतो

मिरचीच्या रोपाची पाने आकसू लागली की शेतकरी आधी खाली बसतो आणि पान उलटून पाहतो. मावा असो वा फुलकिडे, त्यांचे ठाणे पानामागे असते हे त्याला ठाऊक असते. भातावर करप्याचा पहिला ठिपका दिसला तर तो त्याच दिवशी औषधाच्या खटपटीला लागतो, कारण आठ दिवस थांबले तर वाफ्याचे काय होते हे त्याने पाहिलेले असते. पण याच शेतकऱ्याला विचारावे, की बाबा, तुझ्या स्वतःच्या गालाची आतली बाजू तू शेवटची कधी पाहिलीस? बहुतेकांचे उत्तर येईल, कधीच नाही. आणि त्या गालात दिवसातून दहा वेळा तंबाखू मात्र ठेवली जाते.

या वेळी आम्ही तोंडाच्या कर्करोगाविषयी, म्हणजे ज्याला आपण सर्रास कॅन्सर म्हणतो त्याविषयी लिहीत आहोत. हा विषय पुष्कळांना नकोसा वाटतो. कर्करोग हा शब्द घरात उच्चारू नये अशीही काही ठिकाणी रीत आहे. परंतु हा रोग नशिबाने अचानक कोसळणाऱ्यांपैकी नव्हे. तो बहुतांशी रोजच्या सवयींतून येतो, येण्यापूर्वी बहुधा काही वर्षे खुणा दाखवतो, आणि त्या खुणा उघड्या डोळ्यांनी दिसतात. पोटातला वा फुप्फुसातला रोग पाहायला यंत्र लागते. तोंडातला पाहायला आरसा आणि दिवसाचा उजेड पुरतो.

या रोगाचा पसारा किती आहे तेही सांगितले पाहिजे. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणे त्या एका वर्षात आपल्या देशात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ८० हजार माणसे या रोगाने दगावली. साऱ्या जगात जितके रुग्ण होतात त्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक एकट्या भारतातले आहेत. आपल्याकडेच तो इतका का, याचे उत्तर आपल्या चंचीत, पानपुड्यात आणि दुकानातल्या पुडीत आहे.

रोग सुरू कसा होतो

तोंडाच्या आतले अस्तर नाजूक असते. ते सतत झिजते आणि खालून नवे येत राहते. या अस्तरावर रोज, त्याच जागी, तासन् तास एखादा जहाल पदार्थ ठेवला तर नवी येणारी कातडी बिघडू लागते. तंबाखूच्या पानात मुळात निकोटीन असते, त्याने तलफ लागते. पान वाळवताना आणि मुरवताना त्याच निकोटीनपासून व त्याच्यासारख्या इतर द्रव्यांपासून नायट्रोसामाइन नावाची विषे तयार होतात. कर्करोग उत्पन्न करणारी जी द्रव्ये माहीत आहेत, त्यांत ही फार जोरदार गणली जातात. तंबाखूत चुना मळला की निकोटीन लवकर सुटते आणि रक्तात लवकर भिनते. म्हणून चुन्याशिवाय तंबाखूला ‘चव’ येत नाही असे खाणारे म्हणतात. पण चुना अस्तरालाही भाजतो, आणि भाजलेल्या अस्तरातून विष अधिक सहज आत शिरते.

जो माणूस खालच्या ओठामागे बार भरतो, त्याच्या ओठामागे पांढरा चट्टा येतो. जो डाव्या गालात धरतो, त्याच्या डाव्या गालात येतो. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा गोव्यातच मिळाला होता. तेथील काही खेड्यांत पूर्वी बायका धुमटी ओढीत. धुमटी म्हणजे झाडाच्या पानात तंबाखू गुंडाळून केलेली जाड विडी. पुष्कळजणी तिचे पेटलेले टोक तोंडात धरून ओढीत. १९७६ साली ५,४४९ ग्रामस्थांच्या तपासणीचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, तो खास याच उलट्या धुमटीविषयी होता. आंध्रच्या किनाऱ्यावर श्रीकाकुलम भागात बायका चुट्टा अशाच उलट्या ओढीत, आणि तिथे टाळूचा कर्करोग आढळे. एरवी हा रोग टाळूला क्वचितच होतो. निखारा आणि धूर टाळूला लागला, म्हणून रोगही टाळूला झाला.

पहिली खूण बहुधा पांढरा चट्टा असते. तो पुसला तरी निघत नाही. असे सर्वच चट्टे कर्करोगात बदलत नाहीत, बहुसंख्य बदलतही नाहीत. पण कोणता बदलेल हे नुसते पाहून सांगता येत नाही. मखमलीसारखा लाल चट्टा, किंवा पांढऱ्यात मिसळलेला लाल, हा अधिक धोक्याचा. आणि घात होतो तो असा, की सुरुवातीला यांतले काहीच दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो, आणि दुखू लागते तेव्हा पुष्कळदा रोग खोल गेलेला असतो.

तंबाखू : नावे अनेक, काम एक

‘मी विडी ओढत नाही, नुसती तंबाखू खातो’, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. जणू धूर नाही म्हणजे धोका नाही. फुप्फुसापुरते त्यात काही तथ्य असेल, तोंडापुरते अजिबात नाही. २०१६-१७ साली देशभर झालेल्या पाहणीत महाराष्ट्रात प्रौढांपैकी शेकडा २६.६, कर्नाटकात २२.८ आणि गोव्यात ९.७ माणसे कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होती. साऱ्या देशाचा आकडा शेकडा २८.६ होता, आणि देशात ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे व लावणारे दुप्पट होते.

त्यात मशेरीचा उल्लेख मुद्दाम केला पाहिजे, कारण ती बहुधा आपल्या आयाबहिणींच्या वाट्याला आलेली आहे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांना लावायची. सुरुवात दात दुखतो म्हणून होते. तंबाखूने हिरडी थोडी बधिर होते आणि बरे वाटते, पण कीड तशीच राहते. मग सकाळची एक वेळ दिवसातून चार-पाच वेळा होते. पुरुषाला कोणी निदान ‘सोड’ म्हणते; बाईच्या मशेरीला मात्र कोणी व्यसनच मानत नाही, ती दात घासण्यात जमा होते. सरकारने १९९२ साली दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर बंदी आणली, पण घरच्या तव्यावर बंदी कोण आणणार? गरोदरपणी मशेरी लावली तर निकोटीन पोटातल्या बाळापर्यंत पोचते. बाळ कमी वजनाचे होण्याचा आणि दगावण्याचाही धोका वाढतो. सुनेच्या हातून मशेरीची डबी काढून घेणाऱ्या सासूने आपलीही डबी त्याच दिवशी टाकली, तर दोघींचेही भले होईल.

गुटख्यावर गोव्याने २००५ साली, महाराष्ट्राने २०१२ साली आणि कर्नाटकाने २०१३ साली बंदी घातली. परंतु लवकरच दुकानांत पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी शेजारी शेजारी टांगलेल्या दिसू लागल्या. गिऱ्हाईक दोन्ही घेते आणि तळहातावर मिसळते, गुटखा तयार. कायद्याने गुटखा गेला तरी तळहात आपलाच आहे.

येथे शेतकरी वाचकांशी दोन शब्द मोकळेपणाने बोलावेसे वाटते. निपाणी-चिकोडीकडे तंबाखू आणि गोव्याच्या कुळागरांत पोफळी ही आपल्याच माणसांच्या पोटापाण्याची पिके आहेत. पिकवणाऱ्याला दोष देण्यासाठी हा लेख नाही. पर्यायी पिकाला पाणी, भाव आणि बाजार मिळाल्याखेरीज नुसत्या उपदेशाने कोणाचे शेत बदलत नाही, हे आम्ही जाणतो. पण जे आपण विकतो ते आपणच गालात धरले पाहिजे असा काही नियम नाही. शेतावर औषध मारणारा माणूस उरलेले औषध पीत नाही.

सुपारी : निरुपद्रवी समजलेली

‘तंबाखू नको, नुसती सुपारी द्या’, असे म्हणून सभ्य माणूस तबक पुढे ओढतो. सुपारी मंगलकार्यात असते, पाहुण्याच्या पुढे असते, म्हणून ती निरुपद्रवी असा आपला समज आहे. तो आता सोडावा लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षाप्रमाणे सुपारी तंबाखूशिवायही माणसात कर्करोग उत्पन्न करते. कच्ची असो, भाजकी असो, गोड बडीशेपेत मिसळलेली असो, सुपारी ती सुपारीच.

सुपारीचा आणखी एक उपद्रव आहे. तिच्यातल्या द्रव्यांमुळे गालाच्या अस्तराखाली ताठ तंतू साचत जातात. गाल आतून घट्ट होतो, पांढरट पडतो, आणि तोंड उघडेनासे होते. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली आपल्या देशात या रोगाचे वर्णन केले. आधी तिखट खाल्ले की तोंडाची आग होते. भाकरीबरोबर ठेचा खाणारा माणूस एकाएकी ‘मला तिखट सोसत नाही’ म्हणू लागला, तर त्याच्या सवयी विचाराव्यात. मग हळूहळू तोंड आखडत जाते, शिट्टी वाजवता येत नाही, जीभ पुरती बाहेर येत नाही, आणि शेवटी घासही पातळ करून घ्यावा लागतो. सुपारी सोडली, औषध व व्यायाम केला तर रोग तिथेच थांबवता येतो, थोडा आरामही पडतो; पण आखडलेला गाल पुन्हा पहिल्यासारखा मऊ होत नाही. शिवाय अशांपैकी काहींना पुढे कर्करोग होतो. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात असे ६६ रुग्ण १७ वर्षे नजरेखाली ठेवले होते, त्यांतल्या पाच जणांना तो झाला. १९८५ साली हे प्रसिद्ध झाले आहे.

हा रोग आता ऐन विशीतल्या तरुणांतही दिसतो, याचे कारण रंगीत पुड्या. शाळेजवळच्या दुकानात दोन-पाच रुपयांना गोड सुपारी मिळते आणि आईबापांना वाटते, पोर बडीशेप खाते आहे. पोराच्या खिशातली पुडी एकदा उलटून वाचावी. ‘तंबाखूविरहित’ एवढेच लिहिले असेल तर समाधान मानू नये. आत सुपारी आहे की नाही ते पाहावे.

दारू आणि विडी एकत्र

दारू स्वतःच कर्करोगास कारण होते, हे १९८८ सालापासून जागतिक पातळीवर मान्य झालेले आहे. फेणी घरच्या काजूची आहे, उर्राक हंगामापुरता आहे, म्हणून ती वेगळी ठरत नाही. धोका तिच्यातल्या अल्कोहोलमुळे आहे आणि ते सगळ्यांत सारखेच. पण तोंडाच्या बाबतीत खरा घात होतो तो दारू आणि तंबाखू एकत्र आल्यावर. दारूने तोंडाचे अस्तर सैल पडते आणि तंबाखूचे विष आत शिरायला वाट मिळते. त्यामुळे दोघांचा धोका नुसता मिळवला जात नाही, तो गुणला जातो. ज्याला दोन्ही सवयी आहेत त्याने दोन्ही सोडाव्यात हे उत्तम. निदान पेल्याबरोबर विडी, ही जोडी तरी आजपासून तोडावी.

ताट आणि दात

ज्यांच्या जेवणात भाजी-फळे भरपूर असतात त्यांना हा रोग कमी होतो, असे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे. यासाठी बाजारातून महाग काही आणायला नको. परसातला माठ, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, बांधावरचा पेरू, पपई, आवळा, खानापूर-बेळगावकडची रताळी हे सारे उपयोगाचे आहे. भाजी विकून आलेल्या पैशांत पोरांना बिस्किटे आणि नवऱ्याला पुडी, हा व्यवहार मात्र तोट्याचा. ‘मी जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतो, मग विडी चालेल’, असा हिशेब कोणी करू नये. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या धूम्रपान करणाऱ्यांना देऊन परदेशात मोठे प्रयोग झाले. १९९४ आणि १९९६ साली त्यांचे निकाल आले, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला. भाजी ताटातच बरी. आणि ताट कितीही चांगले असले तरी ते तंबाखूवर उतारा नव्हे.

दात दिवसातून दोनदा साध्या पेस्टने किंवा कडुलिंबाच्या ताज्या काडीने घासावेत आणि खाल्ल्यावर खळखळून चूळ भरावी. अस्वच्छ तोंडात रोगाला वाव मिळतो. तुटका, टोकदार दात किंवा न बसणारी कवळी गालाला सारखी घासत असेल तर दंतवैद्याकडून ती नीट करून घ्यावी. मात्र एक सावधगिरी हवी. जखम दाताने झाली असे गृहीत धरून महिनोन् महिने थांबू नये. दात घासून घेतल्यावर दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर तिचे कारण दात नाही असे समजून पुढे तपासणी करावी.

महिन्यातून एकदा, पाच मिनिटे

आता मुख्य गोष्ट. महिन्याचा एक दिवस ठरवा. पहिला रविवार ठरवला तर विसरायला होणार नाही. चूळ भरा, कवळी असेल तर काढा, आरसा घेऊन अंगणात उजेडाकडे तोंड करून उभे राहा आणि याप्रमाणे पाहा.

पहिल्याने ओठ. खालचा ओठ बाहेर उलटा, वरचा ओठ वर उचला, आतली बाजू आणि हिरड्या नीट पाहा.

मग गाल. बोटाने किंवा चमच्याच्या दांड्याने एकेक गाल बाहेर ओढा आणि मागच्या दाढेपर्यंत पाहा. तंबाखू ठेवण्याची जागा विशेष लक्षपूर्वक पाहा आणि तिथून बोट फिरवा. कातडी खरखरीत, जाड किंवा ताठ लागते का ते बघा.

मग जीभ. बाहेर काढा, वरची बाजू पाहा. स्वच्छ फडक्याने टोक धरून उजवीकडे व डावीकडे ओढा आणि कडा पाहा. जिभेच्या कडेची जखम पुष्कळांच्या नजरेतून सुटते. जीभ टाळूला लावून खालची जागा पाहा. मान मागे टाकून टाळू पाहा.

मग स्वतःची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घाला. तीनही बोटे शिरली पाहिजेत. दोनच शिरत असतील तर तोंड आखडू लागले आहे.

शेवटी जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना बोटांनी चाचपून पाहा. न दुखणारी कठीण गाठ लागते का ते बघा.

पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ किंवा जाडसर भाग, कारणाशिवाय हलू लागलेला दात, तोंडातून रक्त, घास गिळताना त्रास, आवाजात बदल, जिभेला बधिरपणा. यांतले काहीही आढळले तर डॉक्टरांना दाखवावे. नवरा-बायकोने एकमेकांचे तोंड पाहिले तर काम अधिक चांगले होते, आणि म्हाताऱ्या आईबापांचे आपण पाहावे.

एवढ्याशा पाहण्याने काय होणार, असे वाटेल. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन उजेडात, उघड्या डोळ्यांनी लोकांची तोंडे तपासली. २००५ साली त्याचे फळ जाहीर झाले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये, तपासणी झालेल्या भागात तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. आता सरकारी योजनेतही तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची तोंडाची तपासणी उपकेंद्रावर करण्याची तरतूद आहे. परिचारिका गावात आली की ‘मला काही झालेले नाही’ म्हणून शेताकडे पळू नये, तोंड उघडून दाखवावे.

सुईची भीती

डॉक्टर चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवतात. ‘हात लावला, सुई लावली की कॅन्सर पसरतो’, हे वाक्य आमच्या गावागावांत ऐकू येते आणि त्याने कित्येक जीव घेतले असतील. तोंडातला असा तुकडा काढल्याने रोग फैलावत नाही. तुकडा काढायला उशीर केल्याने मात्र तो फैलावतो. ज्या घरात तुकडा काढल्यावर रोगी दगावला असे सांगतात, तिथे बहुधा तो दवाखान्यात पोचेपर्यंतच रोग मानेत उतरलेला असतो.

रोग लहान असताना सापडला तर बहुधा एका शस्त्रक्रियेत काम भागते, आणि पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ८० च्या आसपास असते. उशीर झाला तर जबडा काढणे, विजेचे शेक म्हणजे किरणोपचार, औषधे असे सगळेच करावे लागते, आणि तरीही जगणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याच्या खाली येते. जमीन गहाण पडते ती याच उशिरामुळे. मधल्या काळात तुरटी, हळद, झाडपाला लावून तीन महिने घालवू नयेत. बेळगावचे जिल्हा रुग्णालय, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय, किंवा आपल्या जवळचा कोणताही दंतवैद्य, यांपैकी जिथे लवकर पोचाल तिथे आधी जावे. पात्र कुटुंबांना आयुष्मान भारत योजनेतून उपचारांना मदत मिळते. कार्ड घरात असेल तर बरोबर न्यावे.

सोडायची कशी

‘इतकी वर्षे खाल्ली, आता सोडून काय उपयोग?’ याला उत्तर आहे. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ च्या सुमारास केरळ, गुजरात आणि आंध्रमधील खेड्यांतल्या ३६ हजार तंबाखू घेणाऱ्यांत काम सुरू केले. वर्षातून एकदा तोंड तपासायचे, समजावून सांगायचे, एवढेच. १९८६ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की ज्यांना असे समजावले त्यांच्यात सवय सोडणारे वाढले आणि पांढरे चट्टे नव्याने येण्याचे प्रमाण घटले. ते सारे तुमच्या-आमच्यासारखे खेड्यातले लोक होते. सवय सोडल्यावर पुष्कळांचे चट्टे आपोआप लहान होतात, काहींचे नाहीसेही होतात. विडी-सिगारेट सोडणाऱ्याचा धोका काही वर्षांतच उतरू लागतो आणि वीस वर्षांच्या सुमारास कधीच न ओढणाऱ्याच्या जवळपास येतो.

एक दिवस ठरवावा आणि तो घरात सांगावा. आदल्या रात्री चंची, चुन्याची डबी, मशेरीचा डबा घराबाहेर जावा. कपाटात लपवून ठेवलेली पुडी म्हणजे अर्धी मोडलेली शपथ. पहिले तीन-चार दिवस जड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, डोके जड होते. पुष्कळांना शौचाला साफ होत नाही आणि ‘तंबाखूशिवाय पोट हलत नाही’ म्हणून ते पुन्हा हात घालतात. सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि नाचणी-ज्वारीची भाकरी घ्यावी. दोन-तीन आठवड्यांत पोट आपल्या चालीवर येते.

तलफ आली की ती पाच-दहा मिनिटे टिकते आणि ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, बडीशेप, वेलदोडा, ओवा किंवा वाळवलेला आवळा तोंडात टाकावा, जागा सोडून उठावे. सुपारी मात्र बदली म्हणून घेऊ नये. भांगलणीच्या वेळी बांधावर बसून चंची फिरवण्याची जी रीत आहे, तिथेच पुष्कळांचा निश्चय मोडतो. मालकाने मजुरांना तंबाखूऐवजी गूळ-शेंगदाणे द्यावेत. खर्च फारसा वाढत नाही आणि अंगात जोर येतो. स्वतःच्या बळावर जमले नाही तर डॉक्टरांना विचारावे. निकोटीनच्या चघळायच्या गोळ्या आणि इतर औषधे आहेत. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत दूरध्वनीही आहे : १८००-११-२३५६. आणि एकदा मोडले म्हणजे संपले असे मानू नये. पेरणी वाया गेली तर आपण दुबार पेरतोच.

आपल्यातले पुष्कळजण उपवासकाळात दारू आणि विडी चाळीस दिवस सोडतात, आणि ईस्टरच्या दुपारी पुन्हा हाती घेतात. त्यांना आम्ही एवढेच सांगू, की शरीराची ओढ पहिल्या तीन-चार आठवड्यांत बरीचशी उतरलेली असते. म्हणजे ज्याने चाळीस दिवस पाळले, त्याने सर्वांत अवघड चढण आधीच पार केलेली असते. एकेचाळिसाव्या दिवशी परत खाली उतरण्यात काय शहाणपण?

घरात काय करावे

लग्नाच्या तबकात सुपारी-तंबाखूऐवजी बडीशेप, खडीसाखर आणि वेलदोडे ठेवता येतात. मयताच्या घरी रात्र जागवताना विडीचे बंडल न मांडता काळा चहा देता येतो. दुकानातून तंबाखू आणायला मुलाला पाठवू नये. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे, आणि मुलाच्या हाती ती देणाऱ्याला २०१५ च्या कायद्यान्वये सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याचे राहू द्या; जो मुलगा बापासाठी पुडी आणतो, तो वाटेत ती एकदा तरी उघडून पाहतो.

येत्या रविवारी सकाळी, उजेड चांगला असताना, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे तोंड एकदा पाहून घ्यावे. काही नसेल तर उत्तम, पुढच्या महिन्यात पुन्हा पाहावे. काही असेल तर सोमवारी शेत थांबेल, दवाखाना आधी.